पाहणारा नको, नोंद पुरे

क्वांटम भौतिकीवरच्या सोप्या लेखांत एक वाक्य हमखास येतं: कण एकाच वेळी दोन अवस्थांमध्ये असतो, आणि कोणी पाहिलं की त्यातली एकच उरते. या वाक्याचा दुसरा भाग वाचकाला भलत्याच वाटेला लावतो. पाहणारा डोळा, मन, शास्त्रज्ञ यांतलं काहीच लागत नाही. हवेचा एक रेणू आपटून गेला तरी पुरतं. परस्परविरोधी अवस्थांची बाहेरच्या जगाशी गाठ पडल्यावर जे घडतं, त्याला डिकोहिअरन्स म्हणतात. त्यात गूढ काही नाही. त्याला वेग आहे, तो मोजता येतो, कमी-जास्त करता येतो, आणि क्वांटम संगणक बांधणाऱ्यांचे दिवसच्या दिवस त्याच्याशी झगडण्यात जातात.

‘दोन्ही’ म्हणजे नेमकं काय

मुठीत झाकलेलं नाणं छापा आहे की काटा, हे आपल्याला ठाऊक नसतं, पण ते दोन्हींपैकी एक असतंच. सुपरपोझिशन, म्हणजे अध्यारोपण, हे असलं अज्ञान नव्हे. दोन्हींतला फरक ओळखायची एकच खात्रीची कसोटी आहे: व्यतिकरण.

तंबोऱ्याची जोड लावताना दोन तारांत किंचित फरक राहिला की आवाज लहरत राहतो, भरतो आणि ओसरतो. दोन लहरी कधी एकमेकींना उचलून धरतात, कधी खोडतात; हेच व्यतिकरण. एकेका कणाच्या बाबतीतही हेच होतं. दोन फटी असलेल्या पडद्यावर एकावेळी एकच इलेक्ट्रॉन सोडला, तरी हजारो इलेक्ट्रॉन झाल्यावर समोर उजेड-अंधाराचे पट्टे उमटतात. अंधाऱ्या पट्ट्यावर लक्ष द्या. एकच फट उघडी असताना तिथे कण पोहोचत होते. दुसरी उघडल्यावर ते येईनासे झाले. झाकलेल्या नाण्याच्या हिशेबात असं कधीच होत नाही, कारण साध्या शक्यता एकमेकींत मिळवल्या तर वाढतात, शून्य होत नाहीत.

हे पट्टे दोन वाटांमधल्या पक्क्या नात्यावर उभे असतात. एका वाटेची लहर दुसरीच्या किती पुढे किंवा मागे आहे, याला शालेय पुस्तकांत कलांतर म्हणतात, प्रयोगशाळेत फेज. डिकोहिअरन्समध्ये वाटा पुसल्या जात नाहीत. पुसलं जातं ते हे नातं.

शेणाने सारवलेलं अंगण

नुकतंच सारवलेलं ओलं अंगण डोळ्यासमोर आणा. त्यावरून कोणी गेलं की पाऊल उमटतं. घरातलं कोणी ते बघतं की नाही, याने काही बिघडत नाही. माणूस तुळशीच्या डाव्या अंगाने गेला की उजव्या, हे अंगणाला ‘कळलेलं’ असतं. तेच अंगण कोरडं फरशीचं असेल, तर वाटेचा माग राहत नाही.

कणाभोवतीचं जग हे असं ओलं अंगण आहे. हवेचे रेणू, फोटॉन म्हणजे उजेडाचे कण, भिंतींची ऊब, स्फटिकातली कंपनं, सगळं त्यात आलं. कण डावीकडून गेला तर आपटलेला रेणू एका दिशेला उडतो, उजवीकडून गेला तर दुसऱ्या. आता ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ या फक्त कणाच्या अवस्था राहत नाहीत. ‘कण डावीकडे आणि रेणू असा’ आणि ‘कण उजवीकडे आणि रेणू तसा’ अशा जोडअवस्था तयार होतात. कण आणि रेणू एकमेकांत गुंतले. व्यतिकरण पुन्हा दिसायला हवं असेल, तर दोन्ही वाटांचा शेवट हुबेहूब एकसारखा असावा लागतो, रेणूसकट. रेणू तर केव्हाच निघून गेला. नुसत्या कणाकडे बघितलं तर पट्टे नाहीसे झालेले असतात आणि आकडे झाकलेल्या नाण्यासारखे येतात.

यातली मेख ही की नोंद अर्धवटही असू शकते. पाऊल पुसट उमटलं तर पट्टेही पुसट होतात, एकदम जात नाहीत. डाव्या वाटेने गेल्यावर परिसर ज्या अवस्थेत राहतो आणि उजव्या वाटेने गेल्यावर ज्या अवस्थेत, त्या दोन्ही किती मिळत्याजुळत्या आहेत याचा ० ते १ मधला एक आकडा निघतो. पट्ट्यांचा ठसठशीतपणा या आकड्याच्याच प्रमाणात राहतो. समजा एका धडकेनंतर हे साम्य ०.९ उरतं, म्हणजे नोंद फारच अस्पष्ट. अशा दहा धडका झाल्या तर ०.९ ला दहा वेळा गुणायचं: ०.३५. पन्नास धडकांनंतर ०.००५. एकेका रेणूला जवळजवळ काही कळलेलं नसतं, पण सगळ्यांचं मिळून जगाला सारं कळलेलं असतं.

ही कल्पना भौतिकशास्त्रज्ञ डिटर झेह यांनी १९७० साली मांडली, आणि वोयचेक झुरेक यांनी १९८१-८२ मध्ये तिला गणिती बैठक दिली. क्वांटम यांत्रिकी उभी राहिल्याला तेव्हा चाळीसहून अधिक वर्षं झाली होती. इतका उशीर का झाला? पाठ्यपुस्तकातली प्रणाली नेहमी एकटी, जगापासून तोडलेली असते. परिसर हा हिशेबातून वगळायचा कचरा आहे असंच सगळे धरून चालले होते.

व्हिएन्नातले फुटबॉल

कार्बनच्या ६० अणूंचा, फुटबॉलसारख्या आकाराचा रेणू म्हणजे फुलरीन. १९९९ साली व्हिएन्नात आन्टोन त्सायलिंगर आणि मार्कुस आर्न्ट यांच्या गटाने त्याचं व्यतिकरण दाखवलं. भट्टीत ९०० ते १,००० केल्विनपर्यंत तापवलेले रेणू सेकंदाला सुमारे २२० मीटर वेगाने निघत. या वेगाला त्यांची तरंगलांबी भरते २.५ पिकोमीटर, म्हणजे रेणूच्या स्वतःच्या व्यासाच्या सुमारे चारशेवा भाग. समोर १०० नॅनोमीटर अंतराने फटी कोरलेली जाळी. आणि पट्टे आले.

इथे हुशार वाचक अडवेल: इतका तापलेला रेणू वाटेत अवरक्त फोटॉन फेकणारच, मग नोंद नाही का झाली? फोटॉन खरंच निघत होते, पण त्यांची तरंगलांबी १० मायक्रॉनच्या आसपास होती आणि शेजारच्या फटींमधलं अंतर त्याच्या शंभरावा भाग. एवढ्या भरड फोटॉनला रेणू या फटीत होता की त्या, हे सांगताच येत नाही. पाऊल उमटलं, पण ते दोन्ही वाटांवर सारखंच.

त्याच शहरातल्या गटाने मग मुद्दाम बिघाड घडवला, आणि या विषयातले सर्वांत बोलके प्रयोग मला हेच वाटतात. २००३ मध्ये ७० कार्बनच्या फुलरीनच्या मार्गात थोडा थोडा वायू सोडला. दाब वाढत गेला तसा पट्ट्यांचा ठसठशीतपणा घातांकी वक्राने उतरत गेला, अगदी वरच्या गुणाकारासारखा. वातावरणाच्या दाबाच्या एक अब्जांशाच्या आसपासचा दाब पट्टे पुसायला पुरला. २००४ मध्ये वायू काढून टाकला आणि जाळ्यांच्या आधी लेसरने रेणू तापवले. तापमान जसजसं चढलं, तसतसे फोटॉन संख्येने वाढले आणि तरंगलांबीने आखूड झाले. आखूड लहर म्हणजे बारीक नोंद. ३,००० केल्विनच्या जवळ पट्टे गेले. तिथे बाहेरून कोणी ‘पाहत’ नव्हतं. रेणू स्वतःच आपला पत्ता ओरडून सांगत होता.

२०१९ पर्यंत व्हिएन्नातली मजल सुमारे २,००० अणूंच्या, २५ हजार अणुवस्तुमान एककांहून जड रेणूंपर्यंत गेली. आकार मोठा असणं हा अडसर नव्हता. नोंद थांबवणं अवघड होतं.

धुळीचा कण घेऊ

१० मायक्रॉनचा धुळीचा कण म्हणजे केसाच्या जाडीचा साधारण दहावा भाग. तो १० मायक्रॉन अंतरावरच्या दोन जागी ‘एकाच वेळी’ आहे असं धरा. नेहमीच्या हवेत त्याच्यावर सेकंदाला सुमारे १०^१८ रेणू आदळतात, म्हणजे १ वर १८ शून्यं. हवेच्या रेणूची तरंगलांबी या अंतरापुढे नगण्य असल्याने एकच धडक पुरेशी नोंद करते. म्हणून सुपरपोझिशनचं आयुष्य १०^-१८ सेकंद. उत्तम निर्वात केलं, दाब वातावरणाच्या १०^-१३ पट आणला, तरी सेकंदाला लाखभर धडका उरतात. हवा पूर्ण काढली तरी खोलीच्या तापमानाच्या भिंतींतून येणारं औष्णिक प्रारण निमिषार्धात काम उरकतं. भिंती थंड केल्या, कण थंड केला, सगळं अवकाशात नेलं, तरी महास्फोटापासून उरलेलं सूक्ष्मतरंग प्रारण आहेच, दर घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४११ फोटॉन. त्यांची तरंगलांबी मिलिमीटरच्या घरात, म्हणून नोंद फार भरड. तरीही एरिक योस आणि झेह यांच्या १९८५ च्या गणितानुसार असा कण एखाद्या सेकंदाच्या पलीकडे टिकत नाही.

भरड नोंदीच्या बाबतीत वेग अंतराच्या वर्गाने वाढतो: दोन जागांमधलं अंतर दुप्पट केलं की पट्टे चौपट वेगाने जातात. श्रोडिंगरने १९३५ मध्ये एका विचारप्रयोगात डब्यात कोंडलेलं मांजर जिवंत आणि मेलेलं एकदम दिसत नाही, ते याचमुळे. जिवंत मांजर श्वास घेतं, त्याची ऊब वेगळी, ते हवा वेगळी ढकलतं. डबा उघडायच्या कितीतरी आधी डब्यातल्या हवेनेच त्याची नोंद केलेली असते.

डिकोहिअरन्स म्हणजे घर्षण नव्हे, हेही इथेच लक्षात ठेवायला हवं. ऊर्जा गळण्याची गरज नसते. झुरेक यांचा अंदाज प्रसिद्ध आहे: १ ग्रॅम वस्तू, खोलीचं तापमान, १ सेंटिमीटर अंतर घेतलं, तर घर्षणाने वस्तूचा वेग ओसरायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या १०^-४० पट वेळात सुपरपोझिशन गेलेलं असतं.

आरशांमध्ये अडकलेला प्रकाश

हे सगळं डोळ्यांदेखत हळूहळू घडताना पाहायला मिळालं ते पॅरिसमध्ये. सर्ज हारोश यांच्या गटाने समोरासमोर दोन अतिवाहक (विजेला रोध न करणाऱ्या धातूचे) आरसे ठेवले आणि मधल्या पोकळीत मोजके सूक्ष्मतरंग फोटॉन साठवले. रुबिडियमचा एकेक अणू मधून पाठवून त्या क्षेत्राला दोन वेगळ्या फेजच्या सुपरपोझिशनमध्ये टाकलं. दुसरा अणू थोड्या वेळाने पाठवून काय उरलं ते तपासलं. १९९६ च्या प्रयोगात फोटॉन पोकळीत १६० मायक्रोसेकंद टिकत होते. नंतर तांब्यावर नायोबियमचा थर दिलेल्या, ०.८ केल्विनला ठेवलेल्या आरशांनी हा काळ ०.१३ सेकंदांवर नेला. तेवढ्या वेळात प्रकाश दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालत जवळजवळ पृथ्वीच्या परिघाएवढं अंतर कापतो.

पण २००८ मध्ये तीन-चार फोटॉनांची ‘मांजर’, म्हणजे दोन फेजचं असं सुपरपोझिशन, त्या पोकळीत सुमारे ०.०२ सेकंदच टिकली. फोटॉन ०.१३ सेकंद टिकतात, मग मांजर का नाही? फोटॉनांपैकी कुठलाही एक निसटला तरी तो क्षेत्राची फेज बाहेर घेऊन जातो, आणि जितके फोटॉन जास्त, तितका पहिला निसटायला वेळ कमी. सूत्र असं: दोन फेज अगदी विरुद्ध असतील तर मांजरीचं आयुष्य म्हणजे फोटॉनाचं आयुष्य भागिले फोटॉनसंख्येची दुप्पट. दहा फोटॉन असतील तर विसावा भाग. हारोश यांना २०१२ चं नोबेल डेव्हिड वाइनलँड यांच्यासोबत मिळालं.

सगळ्याच अवस्था मरत नाहीत

परिसर वाटेल ते नोंदत नाही. ज्या गुणावर त्याचा परिणाम अवलंबून असतो, तेवढंच नोंदतो. धडक जागेवर अवलंबून असते, म्हणून रोजच्या वस्तूंना ठरलेली जागा असते. अमोनियाचा रेणू छत्रीसारखा आहे, नायट्रोजन हायड्रोजनच्या या बाजूला किंवा त्या बाजूला. हलका असल्याने तो सुमारे २४ गिगाहर्ट्झ वारंवारितेने इकडून तिकडे उलटतो, आणि विरळ वायूत त्याच्या टिकाऊ अवस्था या दोन्ही बाजूंचं सुपरपोझिशनच असतात. १९५४ चा पहिला मेसर, म्हणजे सूक्ष्मतरंगांचा लेसर, त्यांच्यावरच चालला. साखरेचा रेणू मात्र डावखुरा किंवा उजवखुराच सापडतो. त्याला उलटायला इतका प्रचंड काळ लागतो की त्याआधी आजूबाजूच्या रेणूंनी हजारदा त्याची बाजू टिपलेली असते.

क्युबिट सांभाळायचा म्हणजे काय करायचं

क्युबिट म्हणजे क्वांटम संगणकातला माहितीचा सर्वांत लहान घटक, जो ०, १ किंवा दोन्हींच्या सुपरपोझिशनमध्ये असू शकतो. अतिवाहक क्युबिट म्हणजे चिपवरचा ॲल्युमिनियमसारख्या अतिवाहक धातूचा छोटा विद्युत-परिपथ. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि डीआरडीओची पुण्यातली तरुण शास्त्रज्ञ प्रयोगशाळा यांनी २०२४ मध्ये चाचणी पूर्ण केलेला ६ क्युबिटांचा प्रोसेसर याच जातीचा. १९९९ मध्ये जपानात बनलेला पहिला असा क्युबिट काही नॅनोसेकंद टिकला. आज शंभर मायक्रोसेकंद ही साधी गोष्ट आहे आणि चांगले नमुने त्याच्या कितीतरी पुढे जातात.

क्युबिट ५ गिगाहर्ट्झचा असेल तर त्याची ऊर्जा तापमानाच्या भाषेत ०.२४ केल्विन. म्हणून तो १० ते २० मिलिकेल्विनच्या फ्रिजमध्ये ठेवतात. पण संदेश पोहोचवणारी तार खोलीतूनच येते, आणि ३०० केल्विनची तार या वारंवारितेला सुमारे १,२५० औष्णिक फोटॉनांइतका गोंगाट आणते. तो दाबायला एकूण ६० डेसिबलचे क्षीणक, म्हणजे तारेतला संदेश आणि गोंगाट मंद करणारे भाग, लावतात; दर २० डेसिबलला शंभरावा भाग उरतो. ते सगळे ४ केल्विनच्या पायरीवर लावले तर क्षीणक स्वतःच १६ फोटॉन सोडतो. सगळे तळाशी लावले तर संदेशांची उष्णता तिथे जिरते, आणि तळाची शीतनक्षमता काही मायक्रोवॉटचीच. म्हणून २०-२०-२० अशी वाटणी: ४ केल्विनला पहिला, १०० मिलिकेल्विनला दुसरा, तळाशी तिसरा. हिशेब असा पडतो: १,२५० चे साडेबारा, त्यात क्षीणकाचे १६, मिळून २८, पुढे ०.२८ आणि दुसऱ्या क्षीणकाचे ०.१ मिळून ०.३८, शेवटी ०.००४.

मग तीन मोजण्या करतात. पहिली: क्युबिट वरच्या पातळीवर चढवा, ठरावीक वेळ थांबा, वाचा, वेळ बदलत हजारो वेळा करा. ऊर्जा किती काळ टिकते ते कळतं, त्याला टी-१ म्हणतात. दुसरी: अर्ध्या पल्स‍ने सुपरपोझिशन तयार करा, थांबा, पुन्हा अर्धी पल्स द्या. फेज किती टिकली ते कळतं. तिसरी: तेच, पण थांबण्याच्या बरोब्बर मध्ये एक पूर्ण पल्स देऊन अवस्था उलटवा. एर्विन हान यांनी १९५० मध्ये शोधलेली ही प्रतिध्वनीची युक्ती. ढोल पथकातल्या प्रत्येकाची लय किंचित वेगळी असेल तर ताल विस्कटतो. पण सगळ्यांना एकाच क्षणी उलट वाजवत परत यायला लावलं, तर ते पुन्हा समेवर एकत्र येतात. लय मध्येच बदलणाऱ्याला मात्र याचा उपयोग नाही.

या आकड्यांवरून दुखणं ओळखता येतं. फेजचा काळ टी-१ च्या दुपटीपेक्षा कधीच जास्त होऊ शकत नाही. तो दुपटीच्या जवळ असेल तर सगळा दोष ऊर्जागळतीचा. फारच कमी असून प्रतिध्वनीने सुधारत असेल तर संथ गोंगाट, बहुधा चुंबकीय. मग चुंबकीय कवच तपासायचं. प्रतिध्वनीनेही सुधारत नसेल तर क्युबिटची अवस्था वाचण्यासाठी जोडलेल्या पोकळीत फोटॉन भटकत असण्याची शक्यता मोठी. टी-१ तासातासाला बदलत असेल तर धातूवरच्या ऑक्साइडच्या थरातले दोष क्युबिटच्या वारंवारितेशी जुळत आहेत. आणि स्वस्थ असायला हवा तो क्युबिट शंभरातून एखाद्या वेळी वरच्या पातळीवर सापडत असेल, तर त्याचं खरं तापमान फ्रिजच्या आकड्यापेक्षा जास्त, ५० मिलिकेल्विनच्या आसपास आहे. झाकणाच्या फटीतून अवरक्त किरण येत आहेत का ते बघायचं.

जे डिकोहिअरन्स सांगत नाही

पट्टे का जातात, किती वेगाने जातात आणि कुठल्या अवस्था टिकतात, हे यातून पूर्ण कळतं. पण अनेक शक्यतांतून आपल्याला याच वेळी हाच निकाल का मिळाला, याचं उत्तर यात नाही. कण आणि परिसर मिळून पाहिलं तर सुपरपोझिशन अजून आहेच, ते फक्त असंख्य रेणूंत पांगलं आहे. पुढे काय समजायचं यावर भौतिकशास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. डिकोहिअरन्सने ‘मापनाचा प्रश्न सोडवला’ असं कुठे वाचलंत, तर तो दावा जास्तीचा आहे.

व्यवहारात मात्र एक वाट निघाली आहे. जगाला नोंद करायची असेल तर करू द्या, पण कुठली, ते आपण ठरवायचं. तीन क्युबिटांत एकच माहिती पसरवून ठेवा आणि दोनच प्रश्न विचारा: पहिला-दुसरा सारखे आहेत का? दुसरा-तिसरा सारखे आहेत का? या दोन उत्तरांवरून कुठला उलटला ते कळतं, पण आतली माहिती ० होती की १, याचा माग कुठेच राहत नाही. ही झाली उलटण्याची दुरुस्ती. फेजची दुरुस्तीही सोबत करणारा पहिला संकेत (कोड) पीटर शोर यांनी १९९५ मध्ये दिला. गूगलच्या १०५ क्युबिटांच्या विलो चिपवर, २०२४ च्या डिसेंबरात जाहीर झाल्याप्रमाणे, असा संकेत मोठा करत नेला तसा प्रत्येक पायरीला चुकांचा दर निम्म्याहून थोडा खाली आला, आणि साठवलेली माहिती त्यातल्या सर्वोत्तम एकट्या क्युबिटच्या २.४ पट टिकली.

ही युक्ती चुका एकेकट्या येतात असं धरून चालते. पण समुद्रसपाटीला तळहाताएवढ्या जागेतून मिनिटाला शंभरच्या आसपास म्यूऑन, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात तयार होणारे कण, जातात, साधारण चौरस सेंटिमीटरला एक. फ्रिजचं झाकण, चुंबकीय कवच, निर्वात, काहीच त्यांना अडवत नाही. एखादा चिपच्या सिलिकॉनमधून गेला की कंपनांची लाट पसरते, अतिवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या तुटतात आणि शेजारशेजारचे अनेक क्युबिट एकदम टी-१ गमावतात. म्हणून काही गट अतिवाहक परिपथांची चाचणी इटलीतल्या ग्रान सास्सोच्या डोंगराखालच्या प्रयोगशाळेत करतात, जिथे वर सुमारे १,४०० मीटर खडक आहे.